कॉर्नवॉल: गुडघेदुखी असलेल्या आईसह ऐतिहासिक स्थळे आणि किनाऱ्यावरची गावे कशी पाहावीत?

मंजिरी_रेडिंग

नमस्कार मंडळी,

माझे आईबाबा जून महिन्यात रत्नागिरीहून आमच्याकडे येणार आहेत आणि त्यांना घेऊन इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, म्हणजे कॉर्नवॉलला, आठवडाभर जावे असा विचार आहे. लंडन, बाथ, स्टोनहेंज हे सगळे त्यांचे मागच्या खेपेस पाहून झाले आहे. या वेळी समुद्रकाठची जुनी गावे, मासेमारीची बंदरे आणि एखाददुसरा किल्ला निवांतपणे पाहावा, अशी दोघांचीही इच्छा आहे. बाबा तार खात्यातून निवृत्त झाले असून त्यांना इतिहासाची आणि जुन्या यंत्रांची मनापासून आवड आहे. आईचे गुडघे मात्र दुखतात. सपाट रस्त्यावर ती सावकाश का होईना, बरेच चालते. पण उभा चढ आणि त्याहूनही उतार तिला सोसत नाही. ती शाकाहारी आहे, बाबा मासे खातात.

मी केलेल्या यादीत टिंटॅजेलचा किल्ला, पोर्ट आयझॅक, क्लोव्हेली, पोलपेरो, सेंट आइव्ज, सेंट मायकल्स माउंट आणि लँड्स एंड एवढी नावे आहेत. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, मुक्काम एकाच गावी करावा की दोन ठिकाणी, आणि रेडिंगहून गाडी चालवत जावे की रेल्वेने, याबद्दल ज्यांनी हा भाग नीट पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निशिकांत_ब्रिस्टल

मंजिरीताई, बाबांना किल्ल्यांची आवड असेल तर टिंटॅजेल गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने आर्थर राजाची गर्भधारणा या ठिकाणी झाल्याचे लिहून ठेवले आणि तेव्हापासून हे नाव त्या दंतकथेशी कायमचे जोडले गेले. आज दिसणारे भग्न तट तेराव्या शतकातले, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याने बांधवलेले आहेत. मला मात्र या दोहोंपेक्षा तिथले उत्खनन अधिक महत्त्वाचे वाटते. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेल्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या शतकांत या वाऱ्यावादळाच्या कड्यावर भूमध्य समुद्राकाठची मडकी आणि तेला-मद्याचे रांजण येत होते, हे तिथे सापडलेल्या खापरांवरून सिद्ध झाले आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी या जागेचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

किल्ल्याचा अर्धा भाग मुख्य भूमीवर आणि अर्धा समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. पूर्वी मधली दरी उतरून पुन्हा शेकडो पायऱ्या चढाव्या लागत. 2019 मध्ये दोन्ही भागांना जोडणारा नवा पादचारी पूल झाला. तो दोन्ही बाजूंनी अधांतरी पुढे येतो आणि मधोमध दोन्ही टोकांमध्ये चारेक सेंटिमीटरची फट मुद्दाम सोडलेली आहे. चालायला स्थानिक स्लेट दगडाच्या पातळ फरश्या कडेवर उभ्या लावल्या आहेत. त्या फटीवर उभे राहून खाली पाहिले की साधारण 57 मीटर खोलवर लाटा फुटताना दिसतात. तिकिटे ठरावीक वेळेची असल्यामुळे आधी काढून ठेवावीत. गावातून किल्ल्याच्या दारापर्यंत हंगामात सशुल्क जीप चालते, तिचा आईंना उपयोग होईल.

पोर्ट आयझॅक तिथून जवळ आहे. स्लेटच्या छपरांची घरे, जेमतेम एक माणूस जाईल अशी गल्ली आणि खाली छोटे बंदर, असे ते गाव आहे. वाहनतळ वर डोंगरावर असल्यामुळे परतीचा चढ मात्र टळत नाही.

सुलभा_ट्रुरो

मी बरीच वर्षे कॉर्नवॉलमध्ये राहते. निशिकांत यांनी टिंटॅजेलबद्दल लिहिलेले सगळे खरे आहे, तरीही मंजिरीताईंच्या घरच्या मंडळींसाठी माझा सल्ला वेगळा आहे. पूल झाला तरी गावातून खाली उतरणे आणि पलीकडच्या कड्यावरची चढउतार शिल्लक राहतेच. जीपने दारापर्यंत पोहोचल्यावर पुढे काय, हा प्रश्न दुखऱ्या गुडघ्यांना सुटत नाही. क्लोव्हेली हे गाव तर खासगी मालकीचे असून प्रवेशशुल्क भरून पाहावे लागते. तिथला एकमेव रस्ता गोट्यांचा आणि इतका उभा आहे की तिथे मोटारगाड्या जातच नाहीत. घरचा किराणासुद्धा लाकडी घसरगाडीवरून ओढून नेतात. बंदरापासून वर यायला पैसे देऊन जीप मिळते, पण गाव पाहायचे तर गोट्यांवरून उतरावेच लागते, आणि उतारच आईंना नको आहे. पोलपेरो तुलनेने सपाट आहे, पण ते दक्षिण किनाऱ्यावर, पार पूर्वेकडे. ही सारी नावे एका यादीत ठेवली तर तुमचा आठवडा दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या अरुंद रस्त्यांवर, समोरून गाडी आली की मागे मागे जाण्यात संपेल.

म्हणून एकच मुक्काम ठेवा आणि तो पेन्झान्सला ठेवा. तिथे रेल्वे स्थानक आणि बसस्थानक शेजारी शेजारी आहेत, समुद्रकाठचा फरसबंद फिरायचा रस्ता लांब आणि पूर्ण सपाट आहे, आणि तुम्हाला हवे ते जवळजवळ सर्व प्रकारचे कॉर्नवॉल तिथून बसच्या टप्प्यात येते. गाडी आणलीत तरी ती बहुतेक वेळ उभीच राहील.

सेंट मायकल्स माउंटसाठी मात्र कार्यक्रम भरती-ओहोटी पाहून आखावा लागेल. मॅरेझियन गावासमोर समुद्रात उभा असलेला हा डोंगर ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरतीला होडीने. दगडी फरसबंदीची वाट साधारण चार तास उघडी राहते. आईबाबा रत्नागिरीचे आहेत म्हटल्यावर उधाण आणि भांग त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त उधाणाला इथे पाण्याच्या पातळीत जवळपास पाच मीटरचा फरक पडतो, हे त्यांना जरूर सांगा, कारण तो फरक डोळ्यांदेखत घडताना पाहणे हाच तिथला मोठा आनंद आहे. ओहोटीला पायी जाऊन भरतीला होडीने परत यावे, असा दिवस निवडा.

या डोंगरावर बाराव्या शतकात बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता आणि तो नॉर्मंडीतल्या माँ सँ मिशेलच्या मठाशी जोडलेला होता. 1659 पासून हा डोंगर सेंट ऑबिन घराण्याकडे आला. 1954 मध्ये त्यांनी तो नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेला दिला, पण 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने किल्ल्यात राहण्याचा हक्क राखून ठेवला, त्यामुळे आजही ते कुटुंब वर राहते. वरपर्यंतची वाट चढाची आणि ओबडधोबड दगडांची आहे. आईंनी खालच्या बंदरवस्तीतच बसावे आणि बाबांनी किल्ला पाहून यावा. खालची वस्ती, धक्का आणि मॅरेझियनच्या बाजूचे दृश्य यांतही बराच वेळ छान जातो. किल्ला शनिवारी सहसा बंद असतो, तेवढे तपासून घ्या.

बाबांना किल्लाच हवा असेल तर एक दिवस रेल्वेने फालमथला जा. आठव्या हेन्रीने 1540 च्या दशकात फ्रान्स आणि स्पेनच्या धास्तीने खाडीच्या मुखावर समोरासमोर दोन तोफकिल्ले बांधवले: अलीकडे पेंडेनिस आणि पलीकडे सेंट मॉज. दोन्हींच्या तोफांचा मारा मध्ये भिडावा अशी ती योजना होती. यादवी युद्धात, 1646 मध्ये, पेंडेनिसने राजाच्या बाजूने सुमारे पाच महिने वेढा सोसला आणि अन्न संपल्यावरच तो शरण आला. फालमथहून सेंट मॉजला वीसेक मिनिटांत फेरीबोट जाते. त्या बोटीतून दोन्ही किल्ले एका वेळी दिसतात आणि आईंना एकही पायरी न चढता सगळी रचना समजते. आपल्याकडे जलदुर्ग पाहत वाढलेल्या माणसाला टिंटॅजेलच्या भग्न भिंतींपेक्षा ही जोडी अधिक बोलकी वाटेल, असे मला वाटते.

विनायक_तारवाला

मंजिरीताई, बाबा तार खात्यात होते हे वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण तुमच्या यादीत पोर्थकर्नो नाही. त्यांच्यासाठी या सबंध प्रवासात ते एकच ठिकाण पाहिले तरी पुरे, असे मी म्हणेन.

पेन्झान्सहून बसने जाता येणाऱ्या या लहानशा खोऱ्यात 1870 च्या जून महिन्यात समुद्राखालून आलेली तार किनाऱ्यावर घेतली गेली. ती लिस्बनजवळचे कार्काव्हेलोस, जिब्राल्टर आणि माल्टा असे टप्पे घेत अलेक्झांड्रियाला जाई, तिथून जमिनीवरून सुएझ, आणि पुढे पुन्हा समुद्राखालून एडनमार्गे थेट मुंबईला. मुंबईकडचा टप्पा 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने टाकला. जॉन पेंडर या उद्योजकाने हा सगळा पसारा उभा केला. ही तार आधी फालमथला उतरवायची होती, पण त्या गजबजलेल्या बंदरात जहाजांच्या नांगरांनी ती तुटेल या भीतीने ऐन वेळी ही निर्जन चौपाटी निवडली गेली. ज्या निरोपाला टपालबोटीने काही आठवडे लागत, तो आता लंडनहून मुंबईला काही मिनिटांत पोहोचू शकत होता.

जुन्या तार केंद्राच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे केबलचे कापलेले तुकडे हातात घेऊन पाहता येतात: मधोमध तांब्याच्या तारा, त्यावर गटापर्चा या मलायातल्या झाडांच्या चिकाचे आवरण, त्याभोवती तागाचा थर आणि सर्वांत बाहेर जाड लोखंडी तारांचा पीळ. किनाऱ्याजवळचा तुकडा मनगटाएवढा जाड, कारण तिथे खडक, लाटा आणि नांगर यांचा त्रास. खोल समुद्रातला बराच बारीक. हजारो मैलांवरून आलेला क्षीण विद्युतप्रवाह कागदाच्या पट्टीवर शाईच्या नागमोडी रेषेने उमटवणारी विल्यम थॉमसन यांची सायफन यंत्रेही तिथे आहेत. ज्यांनी आयुष्यभर कट्ट-कडकट्ट ऐकले, त्यांना ती रेषा वाचता येते का हे पाहण्यात खूप आनंद वाटेल.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यापासून केंद्र वाचवण्यासाठी कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी 1940-41 मध्ये ग्रॅनाइटचा डोंगर फोडून दोन समांतर बोगदे खणले आणि सगळी यंत्रे आत हलवली. ते बोगदेही पाहता येतात आणि त्यांत चालायला सपाट आहे. मागच्या बाजूचा निसटायचा जिना मात्र उभा आहे, तो आईंनी टाळावा. केंद्र 1970 मध्ये बंद झाले. आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली, ते दिवस बाबांनी जवळून पाहिले असतील. पण इथे केबल येणे थांबलेले नाही: 1997 मध्ये कार्यान्वित झालेली 'फ्लॅग' ही प्रकाशतंतूंची केबलही इथेच समुद्रात उतरते आणि मुंबईलाही पोहोचते.

संग्रहालयापासून चौपाटी थोड्याच अंतरावर आहे. वाळू सुरू होण्याआधी एक लहान पांढरी खोली दिसेल. समुद्रातून आलेल्या केबलींची टोके जमिनीवरच्या तारांना तिथे जोडली जात. बहुतेक लोक तिच्याकडे न पाहता पाण्याकडे धावतात. बाबांना तिथे थोडा वेळ द्या.

वरच्या कड्यावर मिनॅक हे खुले नाट्यगृह आहे. रोवेना केड या बाईंनी आपल्या बागेखालचा कडा कोरून, माळ्यांच्या मदतीने आणि स्वतःच्या हातांनी ते बांधले. पहिला प्रयोग 1932 मध्ये झाला. चौपाटीवरून तिथे जाणाऱ्या पायऱ्या फार उभ्या आहेत, म्हणून आईंना वाहनाने वरच्या रस्त्यानेच न्यावे. वरच्या कडेवरूनही रंगमंच आणि त्यामागचा समुद्र चांगला दिसतो.

मंजिरी_रेडिंग

सर्वांचे मनापासून आभार. विनायक यांचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला आणि त्यांनी लगेच पोर्थकर्नोसाठी पूर्ण दिवस ठेवायला सांगितले. सुलभाताईंच्या म्हणण्याप्रमाणे पेन्झान्सला एकच मुक्काम ठरवत आहे. टिंटॅजेल, पोर्ट आयझॅक आणि क्लोव्हेली या खेपेस नाही. निशिकांत यांनी सांगितलेला पूल आम्ही दोघे पुढे कधीतरी जाऊन पाहू.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आईला सपाट रस्त्याने जाता येईल असे एखादे मच्छीमारांचे गाव आहे का, जिथे केवळ पर्यटकांची दुकाने नाहीत? आणि तिच्या खाण्याचे काय करावे?

सुलभा_ट्रुरो

पेन्झान्सला लागूनच न्यूलिन आहे आणि त्याच्या पुढे माउझल, जे नकाशावर माउसहोल असे दिसते. न्यूलिन हे देखण्या घरांसाठी नावाजलेले गाव नाही; ते आजही पोट मासेमारीवर असलेले बंदर आहे, आणि म्हणूनच कोकणातल्या माणसाला ते आपले वाटते. धक्क्यावर जाळी दुरुस्त करणारे लोक, बर्फाच्या पेट्या, परतणाऱ्या ट्रॉलर हे सगळे सकाळी लवकर गेल्यास पाहायला मिळते. इथल्या धक्क्याच्या टोकाशी भरती-ओहोटी मोजण्याचे जुने केंद्र आहे. 1915 ते 1921 या काळात तिथे घेतलेल्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवली गेली आणि ग्रेट ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या डोंगरांची उंची नकाशावर आजही त्या पातळीपासून मोजतात. बाबांना ही माहिती आवडेल.

माउझलला लहान बस जाते. बंदराभोवतीचा भाग बसून पाहण्यासारखा आहे. मागच्या गल्ल्या चढाच्या आहेत, त्यांत शिरण्याची गरज नाही. 1595 मध्ये स्पॅनिश गलबतांनी येऊन हे गाव जाळले, आणि त्यातून वाचलेले म्हणून सांगितले जाणारे एक दगडी घर अजून उभे आहे.

मात्र गावाच्या मनात सर्वांत खोल रुतलेली घटना 19 डिसेंबर 1981 ची आहे. 'युनियन स्टार' या नव्या मालवाहू जहाजाचे इंजिन वादळात बंद पडले, हेलिकॉप्टरला जवळ जाता येईना, तेव्हा पेन्लीच्या केंद्रातून 'सॉलोमन ब्राउन' ही लाकडी जीवरक्षक नौका आठ स्वयंसेवकांना घेऊन निघाली. तिचे तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी एकाच घरातल्या दोघांना नौकेत घेण्यास नकार दिला होता. जहाजावरच्या चौघांना त्यांनी नौकेत घेतल्याचा निरोप बिनतारी यंत्रावर आला आणि त्यानंतर आवाज बंद झाला. दोन्ही बोटींवरचे मिळून सोळा जण गेले. न्यूलिनहून माउझलला जाणाऱ्या रस्त्यावर ते जुने केंद्र आणि शेजारी स्मृतिबाग आहे. माउझलचे बंदर नाताळात दिव्यांनी सजवतात, पण दर 19 डिसेंबरला तासभर ते दिवे मालवले जातात. तिथे गेलात तर ती आठ नावे वाचा.

एक विनंतीही करते. या गावांतली कितीतरी घरे आता बाहेरच्या लोकांची सुट्टीपुरती घरे झाली आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीतल्या मोजक्याच खिडक्यांत दिवा दिसतो आणि इथे जन्मलेल्या मुलांना गावात घर घेणे परवडत नाही. सेंट आइव्जच्या लोकांनी 2016 मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे केवळ कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असे ठरवले, ते याच कळवळ्यापोटी. म्हणून मुक्काम शक्यतो स्थानिक कुटुंब चालवत असलेल्या गेस्टहाउसमध्ये करा आणि मासे, पाव, चहा गावातल्या दुकानांतून घ्या.

खाण्याबद्दल: कॉर्निश पेस्टी ही मोठ्या करंजीसारखी, कडेला मुरड घातलेली आणि भट्टीत भाजलेली असते. मूळ सारण गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक कंद यांचे. पण चीज-कांद्याची जवळपास सगळीकडे मिळते. आवरणात कधी कधी प्राण्यांची चरबी असते, तेवढे दुकानात विचारून घ्या. केशर घातलेला गोड बन हा इथला जुना प्रकार आहे, तो आईंना नक्की आवडेल. बाबांसाठी न्यूलिनच्या सार्डिन. आपल्या तारलीच्या गोतातलाच हा मासा, चव मात्र वेगळी. सेंट आइव्जला उघड्यावर काही खाऊ नका, समुद्रपक्षी हातातून घास उचलून नेतात.

निशिकांत_ब्रिस्टल

सुलभाताईंचे म्हणणे मला पटले. या मंडळींसाठी पेन्झान्सच योग्य. रेल्वेबद्दल थोडे लिहितो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सला जाणाऱ्या बऱ्याच थेट गाड्या रेडिंगला थांबतात, म्हणजे तुम्हाला गाडी बदलावी लागणार नाही. प्रवास पाच तासांच्या आसपासचा आहे. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या राखून ठेवा. एक्सेटर सोडल्यावर आधी खाडी आणि मग डॉलिशजवळ लोहमार्ग अगदी समुद्राच्या भिंतीवरून जातो. फेब्रुवारी 2014 च्या वादळात तिथला मार्ग वाहून गेला होता आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले होते. नंतर भिंत अधिक उंच व भक्कम बांधली गेली. प्लिमथनंतर टेमर नदीवरचा रॉयल अल्बर्ट पूल लागतो. इझंबार्ड ब्रुनेल यांचा हा पूल 1859 मध्ये सुरू झाला आणि तो ओलांडला की कॉर्नवॉल सुरू होते. वळणावर गाडी हळू होते तेव्हा कमानीवर कोरलेले ब्रुनेल यांचे नाव आणि साल बाबांना वाचता येईल.

सेंट आइव्जला जायचे तर सेंट अर्थ स्थानकात गाडी बदलून छोट्या फाट्याने जा आणि तिथे उजवीकडे बसा. तो फाटा 1877 चा आहे आणि संपूर्ण मार्ग खाडीच्या व समुद्राच्या काठाने आहे. गल्ल्यांत न शिरता स्थानकाखालच्या चौपाटीवर बसलात तरी जाणे सार्थकी लागेल. साठीपुढच्या प्रवाशांना मिळणाऱ्या रेल्वे सवलतपत्राने भाडे एकतृतीयांश कमी होते. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट घेऊन स्थानकाच्या तिकीट खिडकीवर आधी चौकशी करा.

विनायक_तारवाला

बाबांना यंत्रांची आवड आहे म्हणून एकच भर घालतो. एखादा दिवस मोकळा राहिला तर सेंट जस्टजवळची लेव्हंट खाण पाहा. 1840 मधले वाफेचे इंजिन तिथे आजही ठरलेल्या दिवशी वाफेवर चालवतात. इंजिनघरात उभे राहिले की पायाखालची जमीन त्याच्या ठेक्यावर थरथरते. या खाणीच्या सुरुंगवाटा समुद्रतळाखाली मैलभराहून पुढे गेल्या होत्या. 1919 मध्ये कामगारांना वरखाली नेणारे यंत्र तुटून 31 जण मरण पावले. कथील आणि तांब्याचे भाव पडल्यावर इथले खाणकामगार जगभर गेले, त्यांतले काही कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. हा सारा खाणप्रदेश 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इंजिन चालू असण्याचे दिवस ठरलेले असल्याने त्यांचे वेळापत्रक आणि मॅरेझियनचे भरती-ओहोटीचे कोष्टक, ही दोन्ही समोर ठेवूनच कोणत्या दिवशी कुठे जायचे ते ठरवा. पोर्थकर्नोचे संग्रहालय आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते तेही त्याच वेळी पाहून घ्या.

मंजिरी_रेडिंग

विनायक, लेव्हंटचा दिवस घातला आहे. भरतीचे कोष्टक बाबांनी स्वतःच मागवून घेतले असून माउंटला जायचा दिवस तेच ठरवणार आहेत. सुलभाताई, कुटुंबे चालवत असलेली, तळमजल्यावर खोली देणारी पेन्झान्समधली गेस्टहाउसे शोधते आहे; समुद्राकाठच्या रस्त्याजवळ कोणत्या बाजूला शोधावे, तेवढे सांगाल का?

सुलभा_ट्रुरो

फिरायच्या रस्त्याच्या मागे, न्यूलिनच्या दिशेला असलेल्या गल्ल्यांमध्ये शोधा. तो भाग सपाट आहे, आणि न्यूलिनचे बंदर तिथून आईंना पायी जाता येईल एवढे जवळ आहे. बाजारपेठ मात्र चढावर आहे, तिकडे जाताना बस घ्या. जूनच्या शेवटी पेन्झान्सला गोलोवन हा मोठा उत्सव असतो आणि त्या आठवड्यात खोल्या मिळणे कठीण होते. तुमच्या तारखा त्याच्या आसपास येत असतील तर आजच फोन करा.